कॅलिफोर्नियाचे दोन कौल

१९९६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसमधल्या साठ-सत्तर कुटुंबांनी आपली मुलं शाळेत पाठवणं बंद केलं. शाळा सरकारी, नाव नाइन्थ स्ट्रीट एलिमेंटरी. वस्ती शहराच्या मध्यभागातली, कपड्यांच्या कारखान्यांना लागून. पालक बहुतेक मेक्सिकोतून आणि मध्य अमेरिकेतून आलेले. त्यांतले कितीतरी जण कारखान्यांत शिलाई मशीनवर बसणारे. घरात स्पॅनिश. शाळेतही मुलांचा बराचसा दिवस स्पॅनिशमध्येच जायचा, आणि पालकांचा राग नेमका त्यावर होता. मुलं वरच्या वर्गांत गेली तरी त्यांना इंग्रजी धड वाचता येत नाही, लिहिता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. बहिष्कार जवळपास दोन आठवडे चालला. त्या काळात मुलांना आधार दिला तो शेजारच्या 'लास फॅमिलियास देल पुएब्लो' या केंद्रानं. ते चालवणाऱ्या अ‍ॅलिस कॅलहन या एपिस्कोपल पंथाच्या धर्मोपदेशिका. बेघरांसाठी आणि शिलाई कामगारांसाठी वर्षानुवर्षं झगडलेल्या. स्थलांतरितांचा द्वेष करणाऱ्या कुणा पुढाऱ्यानं पेटवलेलं हे आंदोलन नव्हतं.

मूल इंग्रजी वर्गात हलवा, असं सांगण्याचा हक्क पालकांना कागदावर होताच. पण एकट्यानं शाळेत जाऊन, मुख्याध्यापकांच्या समोर बसून तो मागणं ही त्या आईबापांना न पेलणारी गोष्ट होती. म्हणून ते एकत्र आले, आणि शेवटी शाळेला त्यांचं ऐकावं लागलं.

मुलाचं पहिलं शिक्षण त्याच्या घरच्या भाषेतच व्हावं असं मी मानतो. त्यामुळे घरच्या भाषेत शिकवणाऱ्या शाळेविरुद्ध आईबापांनीच उठावं, हे मला पचायला जड जातं. पण ते नाकारून पुढे जाता येत नाही. या बहिष्काराच्या बातमीतून दोन वर्षांत कॅलिफोर्नियात सार्वमतानं कायदा झाला, शाळांतून स्पॅनिश जवळजवळ हद्दपार झाली, आणि अठरा वर्षांनी त्याच राज्याच्या मतदारांनी तो कायदा मोडीत काढला. या अठरा वर्षांच्या मुळाशी जायचं तर बरंच मागे जावं लागतं.

अमेरिकेत शाळेच्या भाषेचा वाद स्पॅनिशपासून सुरू झालेला नाही. ओहायोतल्या सिनसिनाटी शहरात १८४० पासून सरकारी शाळांत जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकवत. शहरात जर्मन लोक पुष्कळ होते आणि त्यांच्या मताला वजन होतं. पहिल्या महायुद्धानं ही घडी विस्कटली. जर्मनीशी लढाई म्हणजे जर्मन भाषेशीही लढाई, असं वातावरण झालं. नेब्रास्का राज्यानं १९१९ मध्ये कायदाच केला की मूल आठवी पास होईपर्यंत कुठल्याही शाळेत, अगदी खासगी शाळेतही, त्याला परकी भाषा शिकवायची नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात हॅम्प्टन गावच्या लुथरन शाळेत रॉबर्ट मायर हे शिक्षक दहा वर्षांच्या एका मुलाकडून बायबलमधल्या गोष्टी जर्मनमध्ये वाचून घेत होते. तेवढ्यात सरकारी वकील वर्गात शिरला. मायर यांना त्या क्षणी इंग्रजीवर येता आलं असतं. ते आले नाहीत, वाचन जर्मनमध्येच चालू राहिलं. २५ डॉलर दंड झाला. त्यांनी तो मान्य केला नाही आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९२३ मध्ये न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी मायर यांच्या बाजूनं निकाल दिला : मूल काय शिकणार यात आईबापांचाही हक्क आहे आणि भाषा शिकवणं हा गुन्हा ठरवता येत नाही.

निकाल लागला, पण जर्मन वर्ग काही पूर्वीसारखे परतले नाहीत. पुढची चाळीस वर्षं बहुतेक ठिकाणी एकच रीत होती. मुलाला इंग्रजी वर्गात बसवायचं. समजलं तर समजलं. टेक्सासमधल्या शाळांत तर आवारात स्पॅनिश बोललं म्हणून मुलांना मार बसे, शाळा सुटल्यावर डांबून ठेवत. समजलं नाही ती मुलं दोन-तीन वर्षं एकाच इयत्तेत काढून शेतावर कामाला निघून जात. त्या काळाबद्दल आज काही लोक फार कौतुकानं बोलतात, की तेव्हाचे स्थलांतरित कसे कुणाच्या मदतीशिवाय इंग्रजी शिकले. शाळा सोडून गेलेल्यांची गणती त्यात नसते.

या मुलांना जवळून पाहिलेला एक मास्तर पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. लिंडन जॉन्सन १९२८ मध्ये, कॉलेजचं शिक्षण पुरं होण्याआधी, टेक्सासमधल्या कोटुला गावी मेक्सिकन मुलांच्या शाळेत शिकवायला गेले होते. १९६५ च्या मार्चमध्ये मताधिकाराच्या कायद्यासाठी काँग्रेसपुढे केलेल्या गाजलेल्या भाषणात त्यांनी त्या मुलांची आठवण काढली. सकाळी काही न खाता शाळेत येणारी, आपल्याला लोक का नाकारतात ते न कळणारी ती मुलं. टेक्सासचेच सिनेटर राल्फ यारबरो यांनी आणलेल्या द्विभाषिक शिक्षणाच्या कायद्यावर जॉन्सन यांनी २ जानेवारी १९६८ रोजी सही केली. इंग्रजी न येणाऱ्या गरीब मुलांसाठी शाळांना केंद्राचा पैसा मिळू लागला.

तेव्हा डोळ्यांपुढे एक नमुनाही होता. मायामीच्या कोरल वे शाळेत १९६३ पासून क्युबातून आलेल्या निर्वासितांची मुलं आणि इंग्रजी घरांतली मुलं एकत्र शिकत होती. अर्धा दिवस स्पॅनिश, अर्धा दिवस इंग्रजी, दोन्ही मुलांना दोन्ही भाषा. शिक्षिका क्युबातल्याच, शिकलेल्या, अनुभवी. फोर्ड फाउंडेशनचा पैसा होता. आणि पालकांची समजूत अशी की कॅस्ट्रोची सत्ता आज ना उद्या जाईल, आपण घरी परतू, तेव्हा मुलांना स्पॅनिश यायला हवी. शाळेचे निकाल चांगले लागले. पण कोरल वेला जे मिळालं ते टेक्सास-कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या मुलांना कधी मिळालं नाही. कायदा त्यांच्या नावानं झाला, शिक्षक मात्र आले नाहीत.

शिवाय कायद्यात एक गोष्ट मोघम राहिली. घरच्या भाषेत शिकवायचं ते कशासाठी? इंग्रजी येईपर्यंत टेकू म्हणून, की ती भाषाही टिकावी, वाढावी म्हणून? यारबरोंच्या भाषणांत दोन्ही सूर सापडतात. पुढची पन्नास वर्षं सगळी भांडणं या एका मोघमपणावर झाली.

१९७० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दावा दाखल झाला. शहरातल्या शाळांत इंग्रजी न येणारी २,८५६ चिनी मुलं होती. त्यांतल्या हजारेक मुलांना इंग्रजीची थोडीफार वेगळी शिकवणी मिळे. उरलेल्या सुमारे १,८०० मुलांना काहीच नाही. मास्तर बोलतात ते कळत नाही, फळ्यावरचं वाचता येत नाही, अशी ती दिवसभर बसून राहत. चायनाटाउनमध्ये गरिबांचे खटले लढवणारे तरुण वकील एडवर्ड स्टाइनमन यांच्याकडे लाउ नावाच्या बाई वेगळ्याच कामासाठी आल्या होत्या. बोलता बोलता मुलाच्या शाळेचा विषय निघाला. त्यातून 'लाउ विरुद्ध निकल्स' हा खटला उभा राहिला; निकल्स हे शहराच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष. खालच्या दोन्ही न्यायालयांनी दावा फेटाळला. सगळ्यांना सारखंच शिकवलं जातंय, मग भेदभाव कुठे, असा त्यांचा सवाल. सर्वोच्च न्यायालयात २१ जानेवारी १९७४ ला न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी निकाल वाचला, आणि निर्णय एकमतानं उलटला. तीच इमारत, तीच पुस्तकं, तेच मास्तर, तोच अभ्यासक्रम सगळ्यांना दिला म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. ज्या मुलाला भाषाच कळत नाही त्याच्या वाट्याला शिक्षण आलेलंच नाही, असा त्या निकालाचा गाभा होता.

मग उपाय कोणता? तो न्यायालयानं सांगितला नाही. या मुलांना इंग्रजी शिकवणं हा एक मार्ग, चिनीतून शिकवणं हा दुसरा, आणखीही असू शकतील, एवढं म्हणून न्यायाधीश थांबले. मला हा संयम योग्य वाटतो. कोणत्या पद्धतीनं मूल शिकेल हे ठरवणं न्यायाधीशांचं काम नव्हतं. पुढे ते मतदारांच्या हाती गेलं, आणि ते काम मतदारांचंही नव्हतं असं मला वाटतं.

लाउ निकालानंतर कॅलिफोर्नियानं १९७६ मध्ये आपला कायदा केला. एका शाळेत एका इयत्तेत इंग्रजीत कच्ची, एकाच भाषेची दहा मुलं असली की त्यांच्यासाठी द्विभाषिक वर्ग हवा. कल्पना साधी आणि भक्कम होती. वाचायला माणूस एकदाच शिकतो. ज्या भाषेतले शब्द त्याच्या तोंडात आधीच आहेत तिच्यात शिकणं सोपं. अपूर्णांकांची बेरीज स्पॅनिशमध्ये समजली की ती समजलेलीच असते, इंग्रजीत फक्त नावं बदलतात. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की मैदानावर बोलायची इंग्रजी आणि विज्ञानाच्या पुस्तकातली इंग्रजी या वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली लवकर येते, दुसरीला वर्षं लागतात. स्टॅनफर्डमधल्या केंजी हाकुटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कॅलिफोर्नियातलीच आकडेवारी तपासून हिशेब मांडला : बोलण्यात तयार व्हायला ३ ते ५ वर्षं, अभ्यासाच्या भाषेत ४ ते ७.

कल्पना भक्कम असली तरी वर्गांची अवस्था वेगळी होती. दोन्ही भाषांत तयार, प्रशिक्षित शिक्षक हवे तेवढे कधीच मिळाले नाहीत. कितीतरी वर्गांत शिक्षिकेला स्पॅनिश यायची नाही आणि स्पॅनिशमधलं सगळं मदतनीस बाई सांभाळायच्या. इंग्रजीचा तास किती, तो कधी वाढवायचा, मूल तयार झालं हे कोण ठरवणार, हे शाळेगणिक बदलायचं. मूल स्पॅनिश वर्गात एकदा गेलं की तिथेच राहून जायचं. १९८७ मध्ये कायद्याची मुदत संपली. गव्हर्नर जॉर्ज डुकमेजियन यांनी ती वाढवू दिली नाही, तरी शिक्षण खात्यानं जुनीच घडी चालू ठेवली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस राज्यात इंग्रजीत कच्ची म्हणून नोंदलेली सुमारे १४ लाख मुलं होती, म्हणजे दर चार विद्यार्थ्यांमागे एक. त्यांतली जेमतेम ३० टक्के द्विभाषिक वर्गांत होती. बाकीच्यांना कुठे इंग्रजीची जादा शिकवणी, कुठे तीही नाही. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढच्या प्रचारात शंभर टक्के मुलांच्या अपयशाचं खापर या तीस टक्क्यांच्या वर्गांवर फुटलं.

नाइन्थ स्ट्रीटची बातमी वाचून पुढे आला तो रॉन अन्झ हा सिलिकॉन व्हॅलीतला सॉफ्टवेअर व्यावसायिक. शिक्षण भौतिकशास्त्राचं, स्वतःला मूल नाही, शाळांशी संबंध नाही. १९९४ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत त्यानं गव्हर्नर पीट विल्सन यांना आव्हान दिलं होतं. त्याच वर्षी बेकायदा स्थलांतरितांच्या मुलांना शाळा बंद करणारा १८७ क्रमांकाचा प्रस्ताव सार्वमताला आला, तेव्हा अन्झनं त्याला विरोध केला. म्हणजे तो स्थलांतरितांचा शत्रू नव्हता, आणि त्याला तसं रंगवणं ही विरोधकांची चूक होती. त्यानं मोहिमेचं नाव ठेवलं 'मुलांसाठी इंग्रजी'. सहप्रस्तावक म्हणून सँटा अ‍ॅना गावच्या पहिलीच्या शिक्षिका ग्लोरिया माता टकमन. मानद अध्यक्ष म्हणून हायमे एस्कलांते. बोलिव्हियातून आलेले हे गणिताचे शिक्षक, पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कूलमधल्या त्यांच्या कामावर 'स्टँड अँड डिलिव्हर' हा सिनेमा निघाला होता. दर वर्षी जेमतेम पाच टक्के मुलं इंग्रजीत पक्की ठरतात, म्हणजे ही व्यवस्था ९५ टक्के नापास, हा अन्झचा आवडता हिशेब. तो फसवा होता. दर वर्षी इंग्रजीचा गंध नसलेली नवी मुलं खालच्या वर्गांत दाखल व्हायची, तयार झालेली यादीतून बाहेर जायची. एका वर्षाचं प्रमाण काढून व्यवस्था पास की नापास हे कळत नाही. पण हे समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात आणि '९५ टक्के नापास' म्हणायला दोन सेकंद.

२२७ क्रमांकाचा हा प्रस्ताव असा होता : सगळं शिक्षण इंग्रजीतून. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना सोप्या इंग्रजीच्या वेगळ्या वर्गात साधारण एक वर्ष, मग थेट सर्वसाधारण वर्गात. घरच्या भाषेचा वर्ग हवा असेल तर पालकांनी दर वर्षी जातीनं येऊन सवलतीचा अर्ज करायचा. लहान मूल असेल तर आधी तीस दिवस इंग्रजी वर्गात काढायचे. कायदा मुद्दाम डावलणाऱ्या शिक्षकावर पालकाला व्यक्तिशः दावा लावता येईल. जोडीला, प्रौढांना इंग्रजी शिकवण्यासाठी दहा वर्षं दर वर्षी ५ कोटी डॉलर.

राष्ट्राध्यक्ष क्लिंटन विरोधात होते, गव्हर्नरपदाचे चारही प्रमुख उमेदवार विरोधात, शिक्षक संघटना विरोधात. स्पॅनिश वाहिनी युनिव्हिजनचे मालक जेरी पेरेंचिओ यांनी विरोधी प्रचाराला १५ लाख डॉलर दिले. तरी २ जून १९९८ ला प्रस्ताव ६१ विरुद्ध ३९ टक्क्यांनी मंजूर झाला. माझ्या मते विरोधकांचा पराभव त्यांच्या मौनानं केला. द्विभाषिक वर्ग बिघडले आहेत, ते असे असे सुधारू, असं त्यांनी ठामपणे कधी म्हटलंच नाही. संशोधनाचे हवाले दिले, आणि नाइन्थ स्ट्रीटच्या आईबापांना द्यायला उत्तर नव्हतं.

एक आकडा मात्र सगळ्या गोंगाटात हरवला. मोहिमेच्या सुरुवातीच्या पाहण्यांत लॅटिनो मतदारांचा कौल प्रस्तावाच्या बाजूनं दिसत होता. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांची लॉस एंजेलिस टाइम्सनं केलेली पाहणी सांगते की प्रत्यक्षात त्यांच्यातल्या ३७ टक्क्यांनीच होकार दिला. मुलांना इंग्रजी यावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. तपशील कळल्यावर, त्यासाठी स्पॅनिशचा वर्गच बंद करा हे त्यांना मान्य नव्हतं.

कायदा साठ दिवसांत लागू झाला. उन्हाळ्याच्या सुटीत शाळांनी स्पॅनिश पुस्तकं कपाटांतून काढून कोठारात टाकली. अनेक शिक्षकांना नवीन वर्गात काय चालेल तेही नीट माहीत नव्हतं. मुलाला अडलेला शब्द स्पॅनिशमध्ये सांगितला तर दावा होईल का, अशी धास्ती. सॅन फ्रान्सिस्कोनं जुन्या लाउ खटल्यातल्या समझोत्याचा आधार घेऊन आपले वर्ग चालू ठेवले. दुसऱ्या टोकाला सॅन डिएगोच्या उत्तरेचं ओशनसाइड. तिथले शिक्षण अधिकारी केन नूनन स्वतः द्विभाषिक शिक्षकांच्या राज्य संघटनेच्या संस्थापकांपैकी, २२७ चे विरोधक. त्यांनी कायदा काटेकोरपणे राबवला, सवलती जवळपास दिल्याच नाहीत. आणि दोन वर्षांनी त्यांनी जाहीरपणे लिहिलं की मी चूक होतो, मुलांनी मला चूक ठरवलं. राज्यभर दुसरीच्या इंग्रजीत कच्च्या मुलांचे वाचनाचे सरासरी गुण राष्ट्रीय क्रमवारीत दोन वर्षांत १९ व्या शतमानावरून २८ व्या शतमानावर गेले होते. ओशनसाइडची झेप त्याहून मोठी होती. सन २००० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं पहिल्या पानावर ही बातमी छापली.

नूनन यांचा प्रामाणिकपणा मला थोर वाटतो. पण आकड्यांची दुसरी बाजू हाकुटा यांनी तेव्हाच दाखवली. ज्या शाळांनी द्विभाषिक वर्ग टिकवले होते तिथलेही गुण वाढले होते. कमकुवत शाळांतल्या ज्या मुलांची घरची भाषा इंग्रजीच होती त्यांचेही वाढले होते. १९९६ पासून राज्यानं तिसरीपर्यंतच्या वर्गांची पटसंख्या वीसवर आणली होती, परीक्षा नवी होती, शिक्षक हळूहळू तिला सरावत होते. यातलं श्रेय इंग्रजीला किती आणि लहान वर्गाला किती?

कायद्याच्या परिणामांचा पाच वर्षांचा अभ्यास राज्यानंच करवून घेतला आणि २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. द्विभाषिक वर्गांतली मुलं ३० टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आली होती. म्हणजे हवा तसा मोठा प्रयोग झाला होता. निष्कर्ष असा की एक पद्धत दुसरीहून सरस असल्याचा ठाम पुरावा नाही. इंग्रजीत कच्ची मुलं आणि बाकीची मुलं यांच्यातलं अंतर जवळपास होतं तेवढंच राहिलं. शाळेत दहा वर्षं काढल्यावरही एखादं मूल इंग्रजीत पक्कं ठरण्याची शक्यता ४० टक्क्यांहून कमी. एका वर्षात इंग्रजी, हे आश्वासन कुठल्या कुठे राहिलं. चांगल्या निघालेल्या शाळांत काय सारखं होतं? या मुलांना शिकवायला तयार असलेले शिक्षक, इंग्रजीकडे सगळ्या शाळेचं लक्ष, आणि कोणतं मूल कुठे अडलंय याची सतत नोंद. त्या शाळा दोन्ही प्रकारच्या होत्या.

एव्हाना अन्झची मोहीम इतर राज्यांत पोचली होती. अ‍ॅरिझोनानं २००० मध्ये, मॅसॅच्युसेट्सनं २००२ मध्ये तसेच कायदे केले. कोलोरॅडोत मात्र २००२ मध्ये ती हरली. पॅट स्ट्रायकर या श्रीमंत बाईंची मुलगी दुभाषी शाळेत शिकत होती; त्यांनी विरोधी प्रचाराला ३० लाख डॉलर दिले. पण ज्या जाहिरातींनी निवडणूक जिंकली त्यांत द्विभाषिक शिक्षणाचं कौतुक नव्हतं. इंग्रजी न येणारी मुलं तुमच्या मुलांच्या वर्गात येऊन बसतील आणि गोंधळ होईल, अशी भीती गोऱ्या मतदारांना घातली होती. त्या मुलांच्या बाजूची लढाई त्यांचीच भीती दाखवून जिंकली गेली. मला हा या इतिहासातला सगळ्यात वाईट विजय वाटतो.

या सगळ्यात आपली मराठी मुलंही आहेत, कुणाच्या फारसं लक्षात न येता. कॅलिफोर्नियात मुलाचं नाव घालताना पालकाला घरच्या भाषेचा एक फॉर्म भरावा लागतो. मूल बोलायला लागलं तेव्हा पहिल्यांदा कोणती भाषा बोललं, घरी जास्त कोणती बोलतं, तुम्ही त्याच्याशी कोणती बोलता, घरातली मोठी माणसं आपसात कोणती बोलतात. फ्रीमाँट-क्युपर्टिनोकडच्या मराठी आईबापांनी खरं उत्तर लिहिलं की मुलाला इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि ती जमली नाही तर त्याचीही नोंद इंग्रजीत कच्चा अशी होते. इंजिनियर आईबापांचं मूल वर्षा-दोन वर्षांत त्या यादीतून बाहेर पडतं. शिलाई कामगाराचं मूल तिथेच राहतं. घरी दोघांचीही भाषा वेगळी. घरातली पुस्तकं आणि आईबापांच्या हातातला वेळ हाच काय तो फरक.

तिथेच राहणाऱ्या मुलांकडे २०१० मध्ये लॉरी ओल्सन यांच्या अहवालानं लक्ष वेधलं. कॅलिफोर्नियातल्या ४० शाळा-जिल्ह्यांत, माध्यमिक वर्गांतल्या इंग्रजीत कच्च्या मुलांपैकी ५९ टक्के मुलं सहा वर्षांहून अधिक काळ त्याच यादीत होती. ही मुलं फडाफड इंग्रजी बोलायची. पुस्तकातला परिच्छेद मात्र समजायचा नाही, आणि स्पॅनिशही फक्त बोलण्यापुरती उरलेली. अन्झच्या कायद्याखाली शाळेत आलेली पिढी ती हीच. तिची दोन्हीकडून उपासमार झाली.

दरम्यान वेगळ्याच दिशेनं वारा फिरला. इंग्रजी घरांतल्या सुस्थितीतल्या आईबापांना आपल्या मुलांना स्पॅनिश किंवा मँडरिन यावी असं वाटू लागलं. कोरल वेच्या धर्तीवरच्या, अर्धी मुलं या भाषेची अर्धी त्या, अशा दुभाषी वर्गांपुढे प्रतीक्षायाद्या लागल्या. दोन भाषांत तयार असलेल्या विद्यार्थ्याच्या हायस्कूलच्या प्रमाणपत्रावर खास शिक्का देणारा कायदा कॅलिफोर्नियानं २०११ मध्ये देशात पहिल्यांदा केला. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या इलाना उमान्स्की आणि शॉन रिअर्डन यांनी एका मोठ्या शहरातल्या लॅटिनो मुलांचा बारा वर्षांचा माग काढला. दोन भाषांत शिकणारी मुलं प्राथमिक शाळेत मागे दिसत होती, हायस्कूल संपेपर्यंत तीच पुढे गेली होती. दोन वर्षांच्या गुणांवरून कायदे ठरवणाऱ्यांना हे दिसणं शक्यच नव्हतं.

पूर्व लॉस एंजेलिसमध्ये वाढलेले, कारखान्यातल्या कामगाराचे आणि शिवणकाम करणाऱ्या आईचे चिरंजीव रिकार्डो लारा तेव्हा राज्याच्या सिनेटमध्ये होते. त्यांनी २०१४ मध्ये विधेयक आणलं, आणि ८ नोव्हेंबर २०१६ ला ते ५८ क्रमांकाचा प्रस्ताव म्हणून मतदारांपुढे गेलं. अन्झनं पुन्हा विरोध केला, पण या वेळी त्याच्यामागे फारसं कुणी नव्हतं. देशानं डोनाल्ड ट्रम्प यांना निवडलं त्याच दिवशी कॅलिफोर्नियाच्या ७३ टक्क्यांहून अधिक मतदारांनी २२७ ची बंधनं काढून टाकली. आता शाळा आणि पालक मिळून पद्धत ठरवू शकतात, सवलतीचा अर्ज लागत नाही; आणि प्रत्येक मुलाला इंग्रजी आलीच पाहिजे ही अट कायम आहे.

मला या निकालाचा आनंद आहे, पण पुरता नाही. स्टॅनफर्डच्या ग्वादालुपे वाल्देस यांनी १९९७ मध्येच इशारा देऊन ठेवला होता की दुभाषी वर्ग गोऱ्या मुलांना फुकटची स्पॅनिश मिळवून देण्याचं साधन होऊ शकतात, आणि ज्यांची ती भाषा आहे ती मुलं तिथेही मागच्या बाकावर जातील. ज्यांच्या नावानं १९६८ पासून कायदे होत आले त्या गरीब मुलांना या वर्गांत पहिला प्रवेश मिळतो का, हे शाळेच्या दारात जाऊन पाहायला हवं. बस नसलेल्या वस्तीतल्या, दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईला प्रवेशाच्या तारखा कोण सांगतं?

शिवाय शिक्षकांचा प्रश्न आहे. राज्यानं २०१८ मध्ये जाहीर केलं की २०४० पर्यंत दर चार विद्यार्थ्यांपैकी तिघांना दोन किंवा अधिक भाषा येतील. शिकवणार कोण? अठरा वर्षांत द्विभाषिक शिक्षक तयार करणारे अभ्यासक्रम आटले होते. आज ज्यांनी हे काम करायचं ते तरुण २२७ च्या काळातच शाळेत होते. घरी स्पॅनिश बोलत वाढले, पण पेशींचं विभाजन किंवा चौथ्या इयत्तेचा इतिहास स्पॅनिशमध्ये समजावण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. २०१७ च्या अर्थसंकल्पात यासाठी ५० लाख डॉलर ठेवले गेले. तो पैसा मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांसाठी होता : एक, वर्गांत मदतनीस म्हणून राबणाऱ्या, ज्यांना आता शिक्षक व्हायचं आहे अशा बायका-पुरुषांसाठी, आणि दुसरे, द्विभाषिक शिकवण्याचं प्रमाणपत्र जवळ असूनही वर्षानुवर्षं फक्त इंग्रजी वर्ग घेत आलेल्या, आता केस पिकलेल्या शिक्षकांसाठी. त्यांना पुन्हा स्पॅनिशमध्ये शिकवायला तयार करण्याचे वर्ग अनेक जिल्ह्यांत सुरू झाले.